एक्का-राणी कधी टाकायची? ऑनलाइन पोकर स्पर्धांबद्दल वाचकांचे प्रश्न

नो-लिमिट होल्डेमच्या (प्रत्येकाला दोन बंद पत्ते, सगळ्यांसाठी टेबलावर पाच उघडे, बेटला मर्यादा नाही) ऑनलाइन स्पर्धांबद्दल आलेल्या पत्रांत यंदा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. आपले पत्ते बहुतेकांनी अगदी रंगासकट लिहिले, पण स्टॅक (जवळच्या चिप्स) किती होता, ब्लाइंड (दोघांनी पत्ते बघण्याआधी घालायच्या सक्तीच्या चिप्स) किती होते आणि बक्षिसापर्यंत किती जण उरले होते, हे लिहायचं राहून गेलं. ते आकडे नसतील तर ‘मी बरोबर खेळलो का?’ याला उत्तर नाही. म्हणून वेगळं सांगितलं नसेल तिथे खाली एकच टेबल धरलं आहे : आठ खेळाडू, स्मॉल आणि बिग ब्लाइंड ४००/८००, प्रत्येकी अँटी (सगळ्यांनीच आधी घालायची रक्कम) १००. म्हणजे पहिली चाल होण्याआधीच पॉटमध्ये २,००० चिप्स, अडीच बिग ब्लाइंड, पडलेले असतात. एकही हात न खेळता पूर्ण फेरी काढायची तर तुमच्या खिशातूनही तेवढेच २,००० जातात.

प्रश्न : माझ्याकडे १०-१२ बिग ब्लाइंड उरले की मी बिग ब्लाइंडच्या २.२ पट रेझ करून (बेट वाढवून) बघतो. कोणी ऑल-इन केलं (सगळ्या चिप्स पणाला लावल्या) की सोडून देतो. मोठी चूक एकही होत नाही, तरी स्टॅक वितळत जातो. चुकतं कुठे?

चुकतं ते ‘करून बघतो’ याच्यातच. ९,६०० चिप्स, म्हणजे १२ बिग ब्लाइंड आहेत असं धरू. तुम्ही १,७६० चा रेझ केलात आणि बिग ब्लाइंडने ऑल-इन केलं. आता पॉटमध्ये तुमचे १,७६०, त्याचे ९,६००, स्मॉल ब्लाइंडचे ४०० आणि अँटीचे ८०० असे १२,५६० आहेत. कॉल करायला (त्याच्याइतक्या चिप्स घालून खेळात राहायला) ७,८४० लागतील. ७,८४० ला २०,४०० ने भागा : ३८.४ टक्के. एवढ्या वेळा जिंकत असाल तर कॉल परवडतो. एक्का-पंजी, राजा-दश्शी असे हात अशा ऑल-इनच्या रेंजसमोर (तो ज्या ज्या हातांनी ऑल-इन करेल त्या सगळ्यांसमोर) नेमके याच आकड्याच्या आसपास घुटमळतात. सोडलं तर स्टॅकचा १८ टक्के भाग फुकट गेला, कॉल केलं तर स्पर्धा एका काठावरच्या निर्णयावर टांगली. हा पेच तुम्ही स्वतःच तयार केलेला असतो.

या स्टॅकला सरळ ऑल-इन का बरं पडतं ते स्मॉल ब्लाइंडच्या जागेवरून बघा, कारण तिथे हिशेबात एकच माणूस असतो. सगळ्यांनी फोल्ड केलं (पत्ते टाकले) आहे, तुमच्याकडे पोस्ट केलेल्या ४०० सह ८,००० आहेत आणि बिग ब्लाइंडकडे तेवढे किंवा जास्त. तुम्ही ढकललेत, म्हणजे ऑल-इन केलंत. त्याने सोडलं तर २,००० तुमचे. त्याने कॉल केलं तर पॉट १६,८०० चा होतो आणि त्यात तुम्ही ७,६०० नव्याने घातलेले असतात. पकडले गेल्यावर तुमचा हात फक्त ३६ टक्के वेळा जिंकतो असं माना, म्हणजे हात वाईटच. मग कॉल झाला की सरासरी १,५५२ चिप्सचा तोटा. तो १० पैकी ६ वेळा सोडत असेल तर ६० टक्के गुणिले २,००० म्हणजे १,२०० आले, ४० टक्के गुणिले १,५५२ म्हणजे ६२१ गेले. दर वेळी ५७९ चिप्स फायद्यात, तेही वाईट हात घेऊन. तो ४४ टक्क्यांहून कमी वेळा सोडायला लागला की मात्र हीच चाल तोट्यात जाते. म्हणून समोर कोण बसलंय ते आधी बघायचं. प्रत्येक गोष्ट कॉल करणाऱ्यावर असले हात ढकलू नयेत.

हे गणित टेबलाच्या सुरुवातीच्या जागेवर उचलून नेऊ नका. मागे बसलेल्या प्रत्येकाकडे कॉल करण्याजोगा हात १० टक्के वेळा असतो असं धरलं, तर स्मॉल ब्लाइंडवरून पकडले जाण्याची शक्यता १० टक्केच. पण पहिल्या जागेवरून सात जण मागे असतात आणि त्यांच्यातल्या निदान एकाकडे तो हात असण्याची शक्यता ५२ टक्के होते. तिथून १० बिग ब्लाइंडला मधल्या-मोठ्या जोड्या, एक्का-दश्शीच्या वरचे एक्के आणि एकाच रंगाची मोठी चित्रं, एवढंच पुरे.

पुढची चूक उलट्या टोकाची : चांगल्या पत्त्यांची वाट बघत ३ बिग ब्लाइंडपर्यंत घसरणं. स्मॉल ब्लाइंडवरून १० बिग ब्लाइंड ढकलले तर समोरच्याला कॉलसाठी ४२.९ टक्के लागतात. ५ ढकलले तर ३६.४ आणि ३ ढकलले तर फक्त २८.६. सत्ती-दुर्रीसारखा भिकार हातसुद्धा एक्का-राजासमोर साधारण तीनातून एकदा जिंकतो, मग तो कशाला सोडेल? ऑल-इनची अर्धी ताकद समोरचा घाबरण्यात आहे आणि तीन ब्लाइंडला कोणी घाबरत नाही.

प्रश्न : चार जण उरले होते, बक्षिसं तीन. चौघांचे स्टॅक जवळपास सारखे. समोरचा हात न बघता ढकलतोय हे स्पष्ट दिसत होतं. मी एक्का-राणीवर कॉल करून बाहेर पडलो. मित्र म्हणतात नशीब वाईट. खरंच?

नशीबही वाईट होतं, पण त्याच्या आधी कॉल चुकीचा होता.

बक्षिसं ५०, ३० आणि २० अशी, एकूण १०० धरू. चौघांकडे प्रत्येकी २५,००० चिप्स आहेत, म्हणून प्रत्येकाच्या स्टॅकची आजची किंमत २५. तुम्ही कॉल करून जिंकलात तर तुमच्याकडे ५०,००० होतात, उरलेल्या दोघांकडे २५-२५ हजार. चिप्स दुप्पट झाल्या, पण किंमत ५० होत नाही. पहिलं येण्याची शक्यता निम्मी, दुसरं येण्याची एक तृतीयांश, तिसरं येण्याची एक षष्ठांश : २५ अधिक १० अधिक ३.३३, म्हणजे ३८.३३. हरलात तर शून्य. तेव्हा २५ पणाला लावून ३८.३३ मिळवायचे तर २५ भागिले ३८.३३, म्हणजे ६५.२ टक्के वेळा जिंकायला हवं. साध्या चिप्सच्या हिशेबात हा आकडा ५० असता. या पद्धतीला खेळाडू आयसीएम म्हणतात. स्टॅकच्या प्रमाणात पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या नंबरची शक्यता काढायची आणि तिला बक्षिसाने गुणायचं, एवढंच ते आहे.

आता तुमचा हात. समोरचा खरोखर कोणतेही दोन पत्ते ढकलत असेल, तर ऑफसूट (वेगवेगळ्या रंगांची) एक्का-राणी त्याच्यासमोर ६४.४ टक्के जिंकते. एक्का-राजा ६५.३. छक्क्यांची जोडी ६३.३, सत्त्यांची ६६.२. म्हणजे समोरचा डोळे मिटून ढकलतोय हे नक्की ठाऊक असूनही एक्का-राणी आणि छक्क्या टाकायच्या, एक्का-राजा अगदी काठावर, सत्त्यांपासून कॉल. पॉटमधले ब्लाइंड-अँटी धरले तर रेषा थोडी खाली सरकते आणि तुम्ही स्वतः बिग ब्लाइंडमध्ये असाल तर एक्का-राणी आत येऊही शकते. पण एवढ्या सैल माणसासमोर जो हात काठावर आहे, तो थोडं निवडून ढकलणाऱ्यासमोर नक्कीच फोल्ड आहे. आणि ‘हात न बघता ढकलतोय’ असं वाटलेले पुष्कळ जण प्रत्यक्षात बघूनच ढकलत असतात.

स्टॅक असमान झाले की चित्र आणखी बदलतं. चौघांकडे ४०, ३०, २५ आणि ५ हजार आहेत. ३० हजारवाले तुम्ही, ४० हजारवाल्याने तुमच्यावर ऑल-इन केलंय. तुमच्या स्टॅकची आजची किंमत ३०.४७. जिंकलात तर ४०.७४. भागाकार ७४.८ टक्के. डोळे मिटून ढकलणाऱ्यासमोरही दश्श्यांची जोडी इथे जेमतेम काठावर येते, बेधडक कॉल गुलामांच्या जोडीपासून. एवढा कडकपणा का, तर ५ हजारवाला एक-दोन फेऱ्यांत जाण्याची दाट शक्यता आहे आणि त्याच्याआधी बाहेर पडणं ही या टेबलावरची सगळ्यात महाग चूक. शिवाय ४० हजारवाला हरला तरी त्याच्याकडे १० हजार उरतात, तुमच्याकडे काहीच नाही. म्हणूनच बबलवर (एक जण गेला की बाकीचे बक्षिसात, अशा टप्प्यावर) मोठा स्टॅक मधल्या स्टॅकवर चढून बसतो. तुम्ही मोठे असाल तेव्हा हेच करायचं, फक्त निशाणा मधल्यांवर ठेवायचा. ५ हजारवाल्याला ब्लफ करण्यात काही मिळत नाही, तो कधीतरी कंटाळून कॉल करणारच.

आयसीएमला दोन गोष्टी दिसत नाहीत : पुढचा बिग ब्लाइंड कोणाला लागणार आहे आणि कोण किती चांगलं खेळतं. पुढच्याच हाताला तुमच्यावर मोठे ब्लाइंड येणार असतील आणि स्टॅक छोटा असेल, तर हिशेबापेक्षा थोडं सैल खेळणं रास्त आहे. ‘मी इतरांपेक्षा चांगला खेळतो, म्हणून थांबतो’ हे कारण मात्र जपून वापरा. ते टेबलावरच्या प्रत्येकाला स्वतःबद्दल वाटत असतं.

प्रश्न : सॅटेलाइटमध्ये (जिथे बक्षीस म्हणून मोठ्या स्पर्धेतली जागा मिळते) एक्क्यांची जोडी टाकणं कधी बरोबर असतं का?

हो. दहा जागा आहेत, अकरा जण उरलेत, सगळ्या जागा सारख्याच किमतीच्या. तुमचा स्टॅक मोठा आहे आणि दोघा-तिघांकडे एक-दोन ब्लाइंड उरलेत. तुम्ही सगळे हात टाकलेत तरी जागा जवळजवळ नक्की. अशा वेळी तुम्हाला बाहेर काढू शकेल एवढ्या स्टॅकने ऑल-इन केलं तर एक्केसुद्धा टाका. जिंकून दुसरी जागा मिळत नाही, हरून पहिली जाते. लहान स्टॅकचा ऑल-इन, ज्यात हरून तुमचं फारसं बिघडत नाही, तो कॉल करायला हरकत नाही.

प्रश्न : बिग ब्लाइंडमध्ये दुप्पट रेझसमोर ‘जवळजवळ सगळं खेळायचं’ असं सांगतात. तसं केल्यापासून जास्तच हरतो आहे.

सल्ला अर्धा पोचलेला दिसतो. भाव खरंच स्वस्त आहे. समोरच्याने १,६०० केले, पॉटमध्ये त्याचे १,६००, स्मॉल ब्लाइंडचे ४००, तुमचे ८०० आणि अँटी ८०० असे ३,६००. तुम्हाला फक्त ८०० घालायचे आहेत : ८०० भागिले ४,४००, म्हणजे १८.२ टक्के. रेझ २,००० चा असेल तर २३.१ आणि २,४०० चा असेल तर २६.७. कोरी टक्केवारी बघितली तर १८ टक्क्यांना कुठलेही दोन पत्ते पुरतात.

पण ती टक्केवारी पाचही पत्ते फुकटात उघडले तरची आहे. दोन वेगवेगळ्या पत्त्यांना फ्लॉपवर (पहिल्या तीन उघड्या पत्त्यांवर) निदान एक जोडी साधारण तीनातून एकदाच लागते. उरलेल्या दोन वेळा तुम्ही चेक करता (बेट लावत नाही), समोरचा पॉटच्या एक तृतीयांश बेट लावतो आणि तुम्ही सोडता. एवढ्या छोट्या बेटला त्याला २५ टक्के फोल्ड मिळाले तरी ती परत मिळते. तुम्ही त्याला ६७ टक्के देता आहात. जास्त हरण्याचं कारण फ्लॉपआधीचा कॉल नसून फ्लॉपनंतरचा हा सरधोपट फोल्ड आहे.

म्हणून हात निवडताना ‘फ्लॉपनंतर याला पुढे काही करता येईल का’ हे बघा. नव्वी-सत्ती एकाच रंगाची, छक्की-पंजी, राणी-अठ्ठी एकाच रंगाची, हे हात जोडी न लागताही सरळ (सलग पाच पत्ते) किंवा फ्लशचा (एकाच रंगाचे पाच) ओढा, म्हणजे ते पुरे होण्याची आशा, घेऊन टिकतात. नव्वी-तिर्री वेगवेगळ्या रंगाची असेल तर भाव स्वस्त असूनही टाका, विशेषतः रेझ सुरुवातीच्या जागेवरून आला असेल तर. फ्लॉपवर छोट्या बेटसमोर दुसरी जोडी, तळाची जोडी, आतली सरळ (मधला एक पत्ता हवा असलेली) आणि वर दोन मोठे पत्ते असे हात एकदा तरी पुढे न्या. कधी चेक-रेझही (आधी चेक, मग त्याच्या बेटवर रेझ) करा, नऊ पत्त्यांचा फ्लशचा ओढा त्यासाठी उत्तम. पुढच्या एका पत्त्यावर तो १९.१ टक्के आणि रिव्हरपर्यंत (पाचव्या पत्त्यापर्यंत) ३५ टक्के लागतो.

बिग ब्लाइंडमध्ये सगळेच हरतात, हेही ध्यानात असू द्या. तिथे दर हात फोल्ड केला तर दर वेळी एक ब्लाइंड आणि अँटी जाते. खेळून सरासरी पाऊण ब्लाइंड गेला तर ती प्रगती आहे. आपला आलेख त्या जागेवर शून्याच्या वर यावा म्हणून धडपडू नका.

प्रश्न : लहान जोडी, उदाहरणार्थ चौक्या, १८ बिग ब्लाइंड असताना सेट (जोडीचा तिसरा पत्ता) लागेल म्हणून कॉल करावी का?

नाही. सेट फ्लॉपवर ११.८ टक्के लागतो, साडेआठातून एकदा. २.२ ब्लाइंडच्या रेझला कॉल केलात तर साडेसात वेळा वाया जाणारे १६.५ ब्लाइंड एका यशातून वसूल व्हायला हवेत. समोरच्याचा सगळा स्टॅक दर वेळी मिळाला आणि सेट कधीच हरला नाही, तर पॉटसह २०.५ ब्लाइंड येतात, म्हणजे जेमतेम जुळलं. प्रत्यक्षात तो तीनातून एकदाच सगळं देतो, मग हातात दहाच ब्लाइंड पडतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. या स्टॅकला चौक्यांचे दोनच उपयोग : उशिराच्या जागेवरून रेझ करणाऱ्यावर ऑल-इन किंवा फोल्ड. कॉल करायची तर कॉलच्या निदान पंधरा-वीस पट चिप्स मागे हव्यात, आणि त्या दोघांकडेही.

प्रश्न : प्रोग्रेसिव्ह नॉकआउट स्पर्धेत बाउंटीसाठी (खेळाडूला बाहेर काढल्याबद्दल मिळणाऱ्या बक्षिसासाठी) किती सैल व्हायचं? अंदाज चुकतो.

बाउंटीचं चिप्समध्ये रूपांतर केलं की अंदाजावर राहावं लागत नाही. समजा प्रवेश फीतले ५० बक्षिसांच्या फंडात आणि ५० बाउंटीत जातात. कोणाला बाहेर काढलं की त्याच्या डोक्यावरचे निम्मे, म्हणजे सुरुवातीला २५, तुम्हाला लगेच मिळतात. निम्मे तुमच्या डोक्यावर चढतात. सुरुवातीचा स्टॅक १०,००० असेल तर तो फंडातल्या ५० च्या बरोबरीचा, म्हणून हातात येणारे २५ म्हणजे ५,००० चिप्स.

वरचंच उदाहरण घ्या. स्मॉल ब्लाइंडने ८,००० ढकलले, तुम्ही बिग ब्लाइंडमध्ये, ७,२०० घालायचे. साध्या स्पर्धेत मिळायचे ९,६००, गरज ४२.९ टक्के. इथे मिळायचे ९,६०० अधिक ५,०००, म्हणजे १४,६००, गरज ७,२०० भागिले २१,८०० : ३३ टक्के. दहा टक्क्यांचा हा फरक फार मोठा आहे. साध्या स्पर्धेत एक्के, जोड्या, राजा-अठ्ठीच्या वरचे राजे असं खेळणारा इथे गुलाम-सत्तीसारखे हातही कॉल करेल.

चुका बहुतेक तीन ठिकाणी होतात. समोरच्याचा स्टॅक तुमच्यापेक्षा मोठा असेल तर तुम्हाला त्याची बाउंटी मिळूच शकत नाही, तिथे हा हिशेब लागू नाही. तरी लोक डोक्यावरचा मोठा आकडा बघून धावतात. दुसरं, ब्लाइंड वाढत जातात तशी मूळ ५,००० ची किंमत ब्लाइंडच्या मानाने घटते. ज्याच्या डोक्यावर आकडा चढला आहे त्याच्याचपुरता सैलपणा टिकवा. आणि तिसरं, तुम्ही स्वतः लहान स्टॅक असाल तर इतरही हेच गणित करून तुम्हाला कॉल करणार. भीती घालून ब्लाइंड चोरण्याचा मार्ग बंद, तेव्हा ढकलताना पकडले गेल्यावरही जिंकू शकेल असा हात निवडा.

प्रश्न : स्क्रीनवर आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतो. समोरचा ४० टक्के हात खेळतो असं दिसलं म्हणून हलकं रेझ केलं, तर तो कडक निघाला.

किती हातांवरून ४० टक्के? वीस हातांवरून असेल तर तो आकडा बघायलाच नको होता. खरोखर २५ टक्के हात खेळणारा माणूस २० हातांत सरासरी ५ खेळतो, पण निव्वळ पत्ते येण्याच्या योगायोगाने १ ते ९ कुठेही दिसू शकतो, म्हणजे ५ टक्क्यांपासून ४५ पर्यंत. ‘किती हात खेळतो’ हा आकडा शंभरेक हातांनंतर बोलायला लागतो. ‘री-रेझला किती वेळा सोडतो’ यासारख्या क्वचित येणाऱ्या प्रसंगांना कितीतरी जास्त हात लागतात. स्पर्धेत टेबलं बदलत राहतात, तेव्हा बऱ्याचदा तेवढे हात मिळतच नाहीत. त्यापेक्षा शोडाउनला (शेवटी पत्ते दाखवताना) उघडलेला एक हात जास्त सांगतो : पहिल्या जागेवरून राजा-चौकी रेझ केलेली दिसली तर नोंद करून ठेवा. आणि हे सॉफ्टवेअर तुमच्या साइटवर चालतं का ते आधी तपासा, काही ठिकाणी त्याला बंदी आहे.

प्रश्न : सॉल्व्हरचे (सर्वोत्तम चाल काढणाऱ्या सॉफ्टवेअरचे) तक्ते पाठ केले तर पुरतं का?

ऑल-इन आणि फोल्डचे तक्ते पाठ करावेत, १५ ब्लाइंडखाली त्यांच्याइतकं उपयोगी काही नाही. त्यापुढे पाठांतर कमी पडतं. २०१७ च्या जानेवारीत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रोग्रॅमने २० दिवसांत १,२०,००० हात खेळून चार व्यावसायिकांना एकास-एक नो-लिमिटमध्ये हरवलं. २०१९ मध्ये प्लुरिबसने सहा जणांच्या टेबलावर तेच करून दाखवलं. पण दोन्ही सामन्यांत दर हाताला स्टॅक पुन्हा मूळ आकड्यावर आणले जात होते. ब्लाइंड वाढत नव्हते, कोणी बाहेर पडत नव्हतं, बबल नव्हता. स्पर्धेचा खरा पीळ तिथे नव्हताच.

तक्ता वापरताना तो नुसत्या चिप्सच्या हिशेबाचा आहे की बक्षिसांच्या, किती अँटीचा आहे, हे तपासा. एक टक्का दोन टक्क्यांच्या फरकाचे हात घोकण्यापेक्षा ‘या फ्लॉपवर छोटी बेट का’ हे समजून घेणं जास्त टिकतं. खेळ चालू असताना सॉल्व्हर उघडून बघणं मोठ्या साइटवर नियमबाह्य आहे आणि खातं गोठतं. अभ्यास स्पर्धा संपल्यावरचा.

प्रश्न : उशिरा नोंदणी करणं फायद्याचं की तोट्याचं?

२० ब्लाइंडने सुरुवात करायची सवय असेल तर फारसं बिघडत नाही, काही जण आधीच बाहेर गेलेले असल्याने बक्षीस किंचित जवळ येतं. पण कच्चे खेळाडू सगळ्यात जास्त चिप्स सुरुवातीच्या खोल स्टॅकमध्ये वाटतात. फ्लॉपनंतरचा खेळ तुमचा भक्कम असेल तर वेळेवर बसा. शेवटच्या क्षणी ८-१० ब्लाइंडने शिरणं हे बहुतेकांच्या बाबतीत निव्वळ अधीरपणाचं असतं.

प्रश्न : सलग वीस स्पर्धांत एकही बक्षीस नाही. खेळ बिघडला म्हणायचा का?

वीसवरून सांगता येत नाही. सुमारे १५ टक्के वेळा बक्षिसात येणारा खेळाडू सलग १० स्पर्धा कोरडा राहण्याची शक्यता १९.७ टक्के आहे, सलग २० ची ३.९. वर्षाला चार-पाचशे स्पर्धा खेळणाऱ्याला असे दुष्काळ येणारच. त्यातच बक्षिसाची बहुतांश रक्कम पहिल्या काही जागांवर असते, तेव्हा नुसतं बक्षिसात येऊनही भागत नाही. दर वेळी ८० टक्के पुढे असताना पैसे घातले, तरी सलग पाच ऑल-इन जिंकण्याची शक्यता ३२.८ टक्के, तीनातून एक.

खेळ बिघडला की नाही हे तपासायला निकाल झाकून हात तपासा. दर स्पर्धेतले तीन-चार अवघड निर्णय स्टॅक, जागा, पॉट आणि उरलेले खेळाडू यांच्यासह लिहा, पण शेवटी काय झालं ते लिहू नका. आठवड्याने वाचा. त्याच चालीला आता ‘नको’ म्हणत असाल तर तिथे काम करायला हवं. चाल पटत असेल तर तो विषय सोडा. आणि पैशाची बाजू : लहान स्पर्धांसाठी निदान १०० प्रवेश फी, हजारो खेळाडूंच्या स्पर्धांसाठी २०० च्या वर, तेही घरखर्चाशी संबंध नसलेल्या पैशांतून. बाहेर पडल्या पडल्या रागाच्या भरात पुन्हा प्रवेश घ्यायचं बटण दाबलं जातं. त्यासाठी बसण्याआधीच कागदावर आकडा लिहा : आज पुनर्प्रवेश एक किंवा शून्य.

प्रश्न : शेवटच्या तिघांनी बक्षीस वाटून घ्यायचं ठरवलं. चिप्सच्या प्रमाणात घ्यावं की आयसीएमने?

तुमचा स्टॅक कितवा आहे त्यावर तुमचं मत ठरणार, पण आकडे बघा. बक्षिसं ५०, ३०, २०. स्टॅक ५०, ३० आणि २० हजार. एकूण १०० चं सरळ चिप्सच्या प्रमाणात वाटप केलं तर पहिल्याला ५० मिळतात, म्हणजे अजून दोघं टेबलावर असताना त्याला पहिलं बक्षीस न खेळता पोचलं. हे वाटप कोणी सुचवलं तर सरळ नकार द्या. दुसरी रीत अशी की तिघांनाही तिसऱ्या बक्षिसाचे २० आधी द्यायचे आणि उरलेले ४० चिप्सच्या प्रमाणात : ४०, ३२, २८. आयसीएमने येतात ३८.३९, ३२.७५, २८.८६. फरक थोडा, पण तो कायम मोठ्या स्टॅकच्या बाजूला झुकतो. म्हणून मोठा स्टॅकवाला पहिली किंवा दुसरी रीत सुचवतो आणि लहान स्टॅकवाल्याने आयसीएमचा आग्रह धरावा.

बऱ्याच साइटवर वाटणीआधी थोडी रक्कम पहिल्या नंबरासाठी राखून ठेवावी लागते. ती एकूण रकमेतून वजा करून मगच वरचे आकडे काढा. आणि बोलणी सुरू झाली म्हणून खेळ आपोआप थांबत नाही. सगळ्यांनी वाटणीची खूण केल्याशिवाय पत्ते वाटले जात राहतात. चॅटमध्ये टाइप करता करता तुमचा बिग ब्लाइंड फोल्ड होत नाही ना, तेवढं बघा.